बापू नाडकर्णी यांचा चेंडू

रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी, म्हणजेच बापू, यांचा जन्म ४ एप्रिल १९३३ रोजीं आपल्या नाशिक येथें झाला. डाव्या हातानें फिरकी चेंडू टाकणारे हे गोलंदाज १९५५ ते १९६८ या काळांत ४१ कसोटी सामने खेळले व त्यांनीं ८८ बळी घेतले. तथापि त्यांचें नांव निघतें तें बहुधा एकहि बळी न मिळालेल्या डावामुळें!

जानेवारी १९६४ मध्यें मद्रास येथें इंग्लंडचे बोलस व बॅरिंग्टन खेळत असतां बापूंनीं लागोपाठ २१ षटकें निर्धाव टाकलीं. सलग १३१ चेंडूंवर एकहि धाव निघाली नाहीं. अखेरचा हिशेब असा: ३२ षटकें, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. सामना अनिर्णित राहिला. मग एवढ्या श्रमाचें फळ काय, असें आमच्या वर्गांत एकानें विचारलें. प्रश्न रास्त आहे. धावा रोखणें म्हणजे गडी बाद करणें नव्हे, हें आम्हांसहि मान्य आहे.

परंतु ही अचूकता आली कोठून? सरावाच्या वेळीं खेळपट्टीवर नाणें ठेवून ते त्यावरच चेंडू पाडीत, असें सांगतात. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, त्याच मद्रासला, त्यांनीं ऑस्ट्रेलियाचे ११ गडी बाद केले. तरी भारत हरला. पुढें १९६८ सालीं वेलिंग्टन येथें ४३ धावांत ६ बळी घेऊन त्यांनीं न्यूझीलंडचा डाव कोसळविला आणि तो सामना भारतानें जिंकला. परदेशांतील पहिला मालिकाविजय भारतास त्याच दौऱ्यांत लाभला. त्यानंतरचा ऑकलंडचा सामना हा बापूंचा अखेरचा कसोटी सामना होय.