झाडूची निवड : व्यावसायिक वास्तूंच्या स्वच्छतेचा एक दुर्लक्षित पैलू

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी मराठी घरांत आणि पेढ्यांवर नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहिले जाते. चोपड्यांच्या बरोबरीने पूजेचा मान मिळवणारी ही वस्तू दुसऱ्या दिवशी दाराआड जाते, आणि पुढची खरेदी ‘दोन झाडू घेऊन या’ एवढ्या वाक्यात उरकली जाते. खुर्ची किंवा पंखा घेताना तीन दरपत्रके मागवणारी कार्यालये झाडू घेताना मात्र तो कोणत्या फरशीसाठी, कोणत्या धुळीसाठी आणि कोणाच्या हाती जाणार आहे, यांपैकी एकही प्रश्न विचारीत नाहीत. दुकान, उपाहारगृह, मंगल कार्यालय, दवाखाना अथवा बँकेची शाखा चालविणाऱ्यांनी हे तीन प्रश्न हिशेबात धरणे अगत्याचे आहे.

स्थळानुसार गरज कशी बदलते, हे समजण्यासाठी महाराष्ट्राबाहेरचे, परंतु लष्करी सेवेमुळे काही मराठी कुटुंबांच्या परिचयाचे असलेले चंडीमंदिर हे ठिकाण घेता येईल. ज्या चंडीदेवीच्या मंदिरावरून चंडीगढला नाव मिळाले, त्याच मंदिराच्या परिसरातील हे ठिकाण हरयाणाच्या पंचकुला जिल्ह्यात, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसले आहे. भारतीय लष्कराच्या पश्चिम कमांडचे मुख्यालय १९८५ मध्ये सिमल्याहून येथे आले. मे-जूनमध्ये या मुलखात ‘आँधी’ उठते आणि मैदानी प्रदेशातील पिठासारखी बारीक माती बंद खिडक्यांच्या फटींतूनही आत येते. पावसाळ्यात तीच माती चिखल होऊन पायांबरोबर येते. पानगळीच्या दिवसांत अंगणात पाचोळ्याचा थर साचतो. म्हणजे एकाच इमारतीला वर्षभरात तीन प्रकारच्या कचऱ्याला तोंड द्यावे लागते, आणि एकच झाडू या तिन्हींना पुरा पडणे अशक्य असते.

गुळगुळीत फरशीवरच्या बारीक धुळीसाठी फूलझाडू उत्तम. त्याचे मऊ तुरे ज्या उंच गवताचे असतात, ते मेघालयाच्या आणि ईशान्य भारतातील अन्य राज्यांच्या डोंगरउतारांवर वाढते. हिवाळ्याच्या सुमारास त्याची कापणी होते. शेकडो कोसांचा प्रवास करून आलेली ही वस्तू खरेदी करताना तिची परीक्षा करण्यास दोन मिनिटे पुरतात. मूठ दाबून पाहावी. काही वेळा आत हलक्या काड्यांची भर घालून झाडू भरगच्च दाखविलेला असतो. तळहातावर हलकेच आपटावा. टोके तुटून पडत असतील तर माल अतिशय वाळलेला आहे. बांधणीची तार वा वेष्टन मानेपाशी घट्ट असावे, कारण झाडू प्रथम तेथेच सैल होतो. नव्या फूलझाडूतून काही दिवस भुसा गळतो व झाडलेली जागा पुन्हा मळते. तो आधी उघड्यावर चांगला झटकून, हाताने विंचरून मगच वापरात आणावा.

अंगण, वाहनतळ व खडबडीत फरसबंदीवर हाच झाडू पंधरा दिवसांत नामशेष होतो. तेथे खराटाच हवा. माडाच्या झावळीतील हिरांचा हा जुडगा पाचोळा, खडे आणि ओला कचराही ओढून नेतो. गाडगेबाबांच्या हातातील खराटा महाराष्ट्राने गावोगावी पाहिला आहे, तो याच कामासाठी. हीर जाड व सारख्या लांबीचे असावेत. बांधणी ढिली झाली की खराटा बुंध्याकडून जमिनीवर आपटून पुन्हा आवळता येतो. नवा घेण्याची घाई नको. चंडीमंदिरच्या परिसरात माड नाहीत, त्यामुळे तेथे खराटाही दूरच्या प्रांतातूनच येणार. ज्या प्रदेशात जे गवत वा पाला मिळतो, त्याचाच झाडू पूर्वी होत असे. महाराष्ट्रात शिंदीच्या पाल्याची केरसुणी प्रचलित झाली ती यामुळेच. (जोधपूरजवळ लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी यांच्या कल्पनेतून साकारलेल्या अरणा-झरणा संग्रहालयात निरनिराळ्या झाडूंचा मोठा संग्रह आहे, जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा.)

उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात मात्र गवती झाडू टाळणे श्रेयस्कर. त्याच्या काड्या तुटून अन्नात पडू शकतात, शिवाय भिजलेले गवत लवकर सुकत नाही व कुजते. तेथे धुता येणारा प्लॅस्टिकचा झाडू वापरावा, आणि प्रसाधनगृहाचा झाडू वेगळ्या रंगाचा ठेवावा, म्हणजे अदलाबदल होणार नाही.

काही ठिकाणी उत्तम झाडू म्हणजे झाडू न वापरणे. कोरडे झाडताना धूळ उडते, काही काळ हवेत तरंगते आणि पुन्हा टेबलावर, यंत्रांवर, माणसांच्या श्वासात उतरते. सरकारी रुग्णालयांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘कायाकल्प’ योजनेच्या निकषांत रुग्णकक्षात झाडूचा वापर न करणे समाविष्ट आहे, ते याचसाठी. दगड कापण्याच्या वा सिमेंटच्या कामाच्या जागी तर धुळीतील सिलिका फुप्फुसांना कायमची इजा करते. तेथे पाणी शिंपडून किंवा यंत्राने ओढूनच सफाई व्हावी. बँकेच्या एटीएम कक्षात, नोटा मोजण्याच्या यंत्रांभोवती आणि संगणककक्षात किंचित ओलसर पोछा वा धूळ ओढणारे यंत्रच योग्य. मोठ्या गुळगुळीत दालनात रुंद, सपाट मॉप फिरवल्यास काम झाडूपेक्षा लवकर होते व धूळही कमी उडते. दिवेलागणीनंतर केर काढू नये हा घरातला संकेत कार्यालयाला मात्र सोयीचा नाही. व्यवहार संपल्यावर सायंकाळी झाडून घेतले, की उडालेली धूळ रात्रभरात खाली बसते व सकाळी ती ओल्या फडक्याने पुसून काढता येते.

आता हिशेब. समजा, एक झाडू ७० रुपयांस मिळतो व महिनाभर टिकतो. दुसरा १३० रुपयांस मिळतो व तीन महिने टिकतो. पहिल्याचा वार्षिक खर्च ८४० रुपये, दुसऱ्याचा ५२०. बहुतेक खरेदीदार येथेच थांबतात. परंतु अयोग्य झाडूमुळे रोज केवळ १० मिनिटे अधिक लागत असतील, तर वर्षाच्या ३०० कामाच्या दिवसांत ३,००० मिनिटे, म्हणजे ५० तास वाया जातात. या ५० तासांच्या मजुरीपुढे ३२० रुपयांचा फरक नगण्य ठरतो. झाडूची किंमत ही सफाईच्या खर्चातील सर्वांत लहान बाब असते, आणि काटकसर नेमकी तेथेच केली जाते.

मजुरीच्या आकड्यात न मावणारी आणखी एक बाब आहे : झाडणाऱ्याची पाठ. आखूड झाडूने मोठे दालन झाडणारी व्यक्ती तासन्‌तास कमरेत वाकलेली असते. घरातील दोन खोल्यांपुरते हे निभावते. रोज दोन-तीन मजले झाडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या कंबरेवर, खांद्यांवर त्याचा ताण साचत जातो. लांब दांड्याचा झाडू उभा धरल्यास दांडा साधारण हनुवटीपर्यंत यावा, म्हणजे ताठ उभे राहून झाडता येते. दांडा हलका आणि हाताला न टोचणारा असावा. पाच फूट उंचीच्या बाईंना व पावणेसहा फूट उंचीच्या गृहस्थांना एकच माप चालत नाही, ही साधी गोष्ट पुरवठादाराच्या यादीत नसते. ज्यांच्या हाती झाडू जाणार, त्यांनाच दोन-तीन नमुने आठवडाभर वापरावयास देऊन त्यांचे मत नोंदवून घेणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय. दरपत्रकांच्या फायलीत हा एक कागद सहसा नसतो. पुष्कळ ठिकाणी सफाई कर्मचारी कंत्राटदारामार्फत येतात आणि साहित्यही तोच पुरवितो. अशा वेळी झाडूचा प्रकार व दांड्याची लांबी करारातच लिहून घ्यावी.

शेवटी झाडू ठेवण्याविषयी. टोकांवर उभा केलेला झाडू वाकतो, ओल्या कोपऱ्यात टाकलेला कुजतो. केरसुणी उभी ठेवू नये, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. दांड्याला दोरीचा फास बांधून झाडू खिळ्याला टांगला, की तो वाकत नाही आणि खालून हवा लागून सुकतो. ज्या शाखेत वा दुकानात असे तीन-चार खिळे रांगेने मारलेले असतात आणि प्रत्येकावर अंगण, दालन, प्रसाधनगृह असे लिहिलेले असते, तेथे नव्याने आलेल्या कर्मचाऱ्यालाही पहिल्या दिवशी कोणास काही विचारावे लागत नाही.