मलम लावता येते, पण काढता येते का?



पावसाळा सुरू झाला की आपल्या शाळेत हातपाय खाजवणारी मुले वाढतात. कुणाला खरूज, कुणाला गजकर्ण, तर कुणाच्या पायाला चिखल्या. उपकेंद्रातून मलम मिळते, आई लावून देते. मलम लावायचे कसे हे सगळ्यांना ठाऊक असते. काढायचे कसे, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. मग कुणी विटेच्या तुकड्याने घासतो, कुणी धुण्याचा सोडा लावतो, तर कुणी घासलेटचा बोळा फिरवतो. बरी होत आलेली कातडी अशाने पुन्हा सोलून निघते. म्हणून आजचा हा पाठ.

पाणी का घरंगळते?

चौथीतल्या एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, मलमावर पाणी टाकलं तं घरंगळून जाते. काऊन जी?"

प्रश्न चांगला आहे. पुष्कळशा मलमांत औषध थोडे असते आणि बाकीचा भाग व्हॅसलीनसारखा चिकट पदार्थ असतो. हा पदार्थ खनिज तेलापासून मिळतो. रॉबर्ट चेसब्रो याने अमेरिकेत १८७२ साली तो तयार करण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून पाणी वरच्यावर निघून जाते. तेलात मात्र तेल सहज मिसळते. क्रीम म्हणजे वेगळे. त्यात पाणीही असते, म्हणून ते बहुधा साध्या पाण्याने निघते.

करून पाहा: स्टीलच्या ताटलीला दोन ठिकाणी व्हॅसलीन लावा. एका ठिकाणी ओला कापूस फिरवा, दुसऱ्या ठिकाणी खोबरेल तेलाचा कापूस. कुठे लवकर निघते ते वहीत लिहा.

मलम काढण्याची रीत

१. आधी आपले हात साबणाने धुवा. नखे कापलेली असावीत.
२. मऊ, धुतलेल्या सुती कापडाने वरचा जाड थर अलगद टिपून घ्या. खरवडू नका.
३. राहिलेल्या मलमावर थोडे खोबरेल तेल लावून चार-पाच मिनिटे थांबा. मलम सैल होते. मग कापडाने हलकेच पुसा.
४. कोमट पाणी आणि थोडा अंगाचा साबण घेऊन धुवा. साबण अंगावर राहू देऊ नका. पाणी कढत नको. कढत पाण्याने कातडी कोरडी पडते आणि खाज वाढते.
५. टॉवेलने रगडू नका, टिपून कोरडे करा.

जखम उघडी असेल, पू असेल किंवा भाजलेले असेल, तर तेल लावू नका, घरी काही काढत बसू नका. ते काम नर्सताईंचे.

लहान भावंडांसाठी

तान्ह्या बाळाची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते. लंगोटाच्या जागी लाल झाले की डॉक्टर झिंकचे पांढरे मलम देतात. ते दर वेळी पुरते काढण्याची गरज नसते. वरचा घाण झालेला थर तेवढा टिपून काढावा आणि पुन्हा मलम लावावे. खालचा पांढरा थर बाळाच्या कातडीला ओल लागू देत नाही. तो काढण्यासाठी घासले, तर फायद्याऐवजी तोटाच होतो. घरी आईला हे सांगा.

खरजेचे औषध

खरूज एका बारीक किड्यामुळे होते. तो अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो आणि कातडीत बीळ करून राहतो. त्यावर परमेथ्रिनचे ५ टक्क्यांचे क्रीम देतात. ते मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावतात, ८ ते १४ तास ठेवतात आणि मग आंघोळ करून धुऊन टाकतात. लवकर धुतले तर किडा मरत नाही. धुतलेच नाही तर कातडी झोंबते. बहुधा आठवड्याने पुन्हा एकदा लावावे लागते. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावावे, नाही तर खरूज एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. अंथरूण-पांघरूण आणि कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत.

किडा मेल्यावरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते. म्हणून मनानेच रोज औषध लावू नये.

दोन "औषधे", दोन रीती

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या भागात कपाशीवर मारायच्या विषालाही "औषध"च म्हणतात. "बाबा औषध माराले गेले," असे तुम्हीही म्हणता. शब्द एकच, पण वस्तू फार वेगळ्या. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. विसाहून अधिक माणसे दगावली. हे विष श्वासातून जाते, तसेच कातडीतूनही अंगात शिरते.

म्हणून मलम काढण्याची रीत इथे चालत नाही. फवारणीचे औषध अंगावर सांडले, तर भिजलेले कपडे लगेच उतरवावेत आणि साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवावे. तेल किंवा मलम लावू नये, जोराने घासू नये. डोळ्यांत गेले तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे. मळमळ, चक्कर, घाम किंवा अंधूक दिसणे सुरू झाले, तर १०८ ला फोन करावा. जाताना औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी सोबत न्यावी. डॉक्टरांना विष कोणते ते कळते.

आणि उवा किंवा खरूज घालवायला फवारणीचे औषध कुणी अंगाला लावत असेल, तर त्याला तिथेच थांबवा. तुम्ही लहान असलात तरी बोला. त्याने जीव जाऊ शकतो.

चुलीजवळ जपा

व्हॅसलीनसारखे मलम मुरलेले कापड चटकन पेट घेते. मलम पुसलेले फडके चुलीजवळ ठेवू नका. मलम लागलेला सदरा घालून चुलीपुढे शेकत बसू नका. घासलेटने तर मलम कधीच काढू नका. कातडी भाजल्यासारखी होते आणि आगीची भीती वेगळीच.

लक्षात ठेवा

मलमाला तेल, मग साबण-पाणी.
फवारणीच्या विषाला तेल नाही, लगेच साबण आणि भरपूर पाणी.
उघड्या जखमेला दवाखाना.

सांगा पाहू

१. मलमावरून पाणी का घरंगळते?
२. बाळाचे झिंकचे मलम पुरते का काढू नये?
३. खरजेचे औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी का लावावे?
४. तुमच्या घरी फवारणीचा डबा कुठे ठेवतात? तो मुलांच्या हाती लागणार नाही अशा कुलपाच्या जागी आहे का? आज घरी जाऊन पाहा आणि उद्या वर्गात सांगा.