ब्रेझा की नेक्सॉन? आधी गरज मोजा, मग गाडी

आमच्या दुकानात गिऱ्हाईक आले की आम्ही पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतो, "कापड कशासाठी हवे?" कुर्त्याचे कापड वेगळे, अस्तराचे वेगळे. पन्हा किती, टिकाऊ किती, हे त्यानंतर येते. पण तोच व्यापारी मोटार घ्यायला गेला की हा प्रश्न स्वतःला विचारत नाही. रंग पाहतो, मोठा पडदा पाहतो, शेजाऱ्याने कोणती घेतली ते आठवतो आणि सही करून मोकळा होतो. पाच-दहा हजारांच्या सुतासाठी चार ठिकाणी भाव काढणारा माणूस दहा-बारा लाखांच्या गाडीत अर्ध्या तासात फसतो. म्हणून हा लेख.

आज मध्यमवर्गीय व्यापाऱ्याच्या घरी ज्या दोन छोट्या एसयूव्हींची सर्वांत जास्त चर्चा होते त्या म्हणजे मारुती सुझुकीची ब्रेझा आणि टाटांची नेक्सॉन. ब्रेझा पहिल्यांदा २०१६ साली विटारा ब्रेझा या नावाने आली आणि २०२२ साली नव्या रूपात आली. नेक्सॉन २०१७ साली आली आणि २०२३ साली तिचे रूप बदलले. दोन्हींची लांबी ३,९९५ मि.मी., दोन्ही पाच माणसांच्या. आमच्या घरातही या दोन नावांवरून दोन महिने वाद चालला. त्या वादात जे शिकायला मिळाले ते क्रमाने मांडतो.

१. गाडी घरासाठी की मालासाठी?

पहिला धडा मला महागात पडला आहे. सात-आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे जुनी मोटार होती. एकदा टेम्पोचे भाडे वाचवावे म्हणून मागची बैठक पाडली, कापडाचे तागे भरले आणि मालेगावहून नाशिकला निघालो. राहूडच्या घाटात पुढच्या ट्रकने ब्रेक लावला, मीही लावला, पण मागचे तागे थांबले नाहीत. ते माझ्या मानेवर आले. गाडीचा पुढचा भाग गेला, मी तीन आठवडे गळ्यात पट्टा घालून होतो. जीव वाचला ही अल्लाहची कृपा.

पुढे विम्याचा दावा केला. सर्व्हेअर आले, त्यांनी विचारले, "शेठ, हा माल कोणाचा?" मी खरे ते सांगितले की माल माझ्याच दुकानाचा आहे. दावा नामंजूर झाला. मला फार राग आला. मग कपाटातून पॉलिसी काढून प्रथमच वाचली. खासगी मोटारीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. भाड्याने चालवणे, शर्यत लावणे आणि मालवाहतूक करणे यांना ती पॉलिसी लागू नसते. सूट आहे ती फक्त नमुन्यांना आणि प्रवाशांच्या स्वतःच्या सामानाला. म्हणजे नमुन्यांची बॅग चालते, तागे चालत नाहीत. चूक कंपनीची नव्हती, माझी होती.

तेव्हा व्यापारी बांधवांनी पहिल्यांदा हे मनाशी पक्के करावे की घरची गाडी ही घरची गाडी आहे. मालासाठी टेम्पो आहे, ट्रान्सपोर्ट आहे. "मागची जागा मोठी आहे, चार गाठी सहज बसतील" असे कोणी सांगितले तर त्या मोहात पडू नये. सामानाची जागा पाहायची ती कुटुंबाच्या बॅगा आणि नमुने यांच्यासाठी. त्या हिशेबाने पेट्रोल नेक्सॉनमध्ये ३८२ लिटर जागा आहे, ब्रेझात ३२८ लिटर.

२. चार मीटर आणि बाराशे सीसी

या गाड्या चार मीटरला जेमतेम पाच मि.मी. कमी का असतात, याचे कारण करात आहे. २००६ सालच्या अर्थसंकल्पात सरकारने छोट्या मोटारींवरील उत्पादन शुल्क कमी केले. छोटी मोटार म्हणजे चार मीटरच्या आतली, आणि पेट्रोल असेल तर १,२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १,५०० सीसीपर्यंत इंजिन असलेली. पुढे जीएसटीतही हीच मोजमापे राहिली.

पहिल्या ब्रेझात १,२४८ सीसीचे डिझेल इंजिन होते, ते या मर्यादेत बसत होते. २०२० साली भारत स्टेज ६ चे नियम आले, मारुतीने डिझेल बंद केले आणि ब्रेझात १,४६२ सीसीचे पेट्रोल इंजिन आले. लांबी तीच राहिली, पण गाडी करापुरती 'मोठी' झाली. नेक्सॉनचे पेट्रोल इंजिन १,१९९ सीसी आणि डिझेल १,४९७ सीसी, म्हणजे दोन्ही मर्यादेच्या आत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवर १८ टक्के आणि बाकीच्यांवर ४० टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी उपकर धरून पेट्रोल नेक्सॉनवर २९ टक्के, डिझेलवर ३१ टक्के आणि ब्रेझावर ४५ टक्के बसत होते. आता हिशेब पाहा. समजा दोन्ही गाड्यांची शोरूमची किंमत १० लाख आहे. नेक्सॉनमध्ये त्यातले सुमारे १ लाख ५२ हजार कराचे आणि साडेआठ लाखांच्या आसपास गाडीचे. ब्रेझात सुमारे २ लाख ८५ हजार कराचे आणि सव्वासात लाखांच्या आत गाडीचे. याचा अर्थ ब्रेझा वाईट आहे असा नाही. पण आपण दिलेला पैसा कोठे जातो हे व्यापाऱ्याला माहीत असावे.

३. कराबाबतचे तीन गैरसमज

"गाडी दुकानाच्या नावावर घेतली की जीएसटी परत मिळतो" हे बाजारात नेहमी ऐकू येते. हे खरे नाही. चालकासह १३ माणसांपर्यंतच्या प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. मोटार विकण्याचा, प्रवासी वाहतुकीचा किंवा चालवायला शिकवण्याचा धंदा असेल तरच ती मिळते. कापडवाल्याला मिळत नाही.

दुसरा गैरसमज असा की मग काहीच मिळत नाही. गाडी खरोखर धंद्यासाठी वापरली जात असेल तर आयकरात दरसाल १५ टक्के घसारा धरता येतो आणि न मिळालेला जीएसटी किंमतीत धरून त्यावरही घसारा मिळतो. मात्र घरगुती वापराचा हिस्सा प्रामाणिकपणे वेगळा काढावा. तसेच दहा लाखांहून महाग गाडीवर विक्रेता एक टक्का कर गोळा करतो, तो आपल्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो. कितीतरी लोक तो विसरतात.

तिसरा गैरसमज म्हणजे कंपनीच्या नावाने नोंदणी फायद्याची. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के रोड टॅक्स आहे. डिझेलला दोन टक्के जास्त, सीएनजीला पेट्रोलपेक्षा कमी. कंपनीच्या नावाने घेतल्यास हाच कर २० टक्के होतो. आधी आपल्या सी.ए.चा मशवरा घ्यावा, मग नाव लिहावे.

४. इंधनाचा हिशेब कागदावर करा

ब्रेझा पेट्रोल आणि सीएनजीवर मिळते. नेक्सॉन पेट्रोल, डिझेल, सीएनजी आणि विजेवरही मिळते. कोणते इंधन घ्यावे हे आपल्या वर्षाच्या किलोमीटरवर ठरते.

समजा वर्षाला १२,००० कि.मी. चालते. पेट्रोलवर लिटरला १५ कि.मी. धरले तर ८०० लिटर लागेल. १०५ रुपये भावाने ८४ हजार झाले. सीएनजीवर किलोला २० कि.मी. धरले तर ६०० किलो, ९० रुपये भावाने ५४ हजार. बचत ३० हजार. सीएनजी गाडी ९० हजारांनी महाग असेल तर तीन वर्षांत भरपाई होते.

डिझेलवर लिटरला २० कि.मी. धरले तर ६०० लिटर, ९२ रुपये भावाने ५५,२०० झाले. बचत २८,८००. डिझेल गाडी १ लाख ४४ हजारांनी महाग असेल तर भरपाईला पाच वर्षे लागतात. पण वर्षाला २४,००० कि.मी. चालणाऱ्याला अडीच वर्षे पुरतात. आपापल्या गावचे भाव घालून हा हिशेब प्रत्येकाने करावा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नव्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारी जाळी असते. ती साफ होण्यासाठी गाडी मधूनमधून महामार्गावर चालावी लागते. घर ते दुकान एवढेच चालवणाऱ्याने डिझेलच्या वाटेला जाऊ नये.

सीएनजीत एक फरक महत्त्वाचा आहे. २०२३ साली आलेल्या सीएनजी ब्रेझात एक मोठी टाकी डिकीतच बसवली होती, त्यामुळे सामानाची जागा जवळजवळ संपत होती. २०२४ साली आलेल्या सीएनजी नेक्सॉनमध्ये दोन लहान टाक्या तळाखाली आहेत आणि वर ३२१ लिटर जागा उरते. पंप आपल्या रस्त्यावर आहे का आणि रांग किती असते, हेही आठ दिवस पाहून ठेवावे.

५. जिवाची किंमत

राहूडच्या घाटानंतर या मुद्द्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत पाच तारे मिळवणारी नेक्सॉन ही भारतात तयार झालेली पहिली मोटार ठरली. २०२४ मध्ये कडक केलेल्या चाचणीतही तिला पाच तारे मिळाले आणि त्याच वर्षी भारत एनकॅपमध्येही. जुन्या विटारा ब्रेझाला २०१८ साली चार तारे मिळाले होते. ते २०२२ च्या नव्या गाडीला लावता येत नाहीत, कारण गाडी बदलली की चाचणी नव्याने व्हावी लागते.

मात्र ताऱ्यांवर विसंबून राहू नये. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा, मूल मांडीवर घेऊन पुढे बसू नये, आणि जड सामान बैठकीच्या पाठीला टेकवून खाली ठेवावे.

६. घरच्या माणसांना बसवून पाहा

आम्ही दोन्ही दुकानांत अम्मींना बरोबर नेले. वय ७६, गुडघे दुखतात. थोरला मुलगा म्हणाला, "अब्बा, इथे काय लग्नाला मुलगी पाहायला आलोय का, सगळे मिळून?" मी म्हणालो, "बेटा, मागच्या सीटवर दहा वर्षे बसणार ती तुझी दादी आहे, तू नाहीस."

ब्रेझाची उंची १,६८५ मि.मी., नेक्सॉनची १,६२०. कागदावर ६५ मि.मी. म्हणजे काही नाही, पण अम्मी ब्रेझात मान न वाकवता बसल्या आणि म्हणाल्या, "ही बरी." नेक्सॉनमध्ये त्यांना थोडे वाकावे लागले. शिवाय मारुतीचे सर्व्हिसचे जाळे देशात सर्वांत मोठे आहे आणि ब्रेझाचे टर्बो नसलेले इंजिन साधे आहे. आडगावी राहणाऱ्याला या दोन गोष्टी कमी महत्त्वाच्या नाहीत.

७. पैसा कोठून आणायचा?

आपल्यापैकी अनेकजण व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहतात, त्यामुळे गाडी साठवलेल्या पैशातून घ्यावी लागते. हे चांगलेच आहे, पण त्यात एक धोका आहे. सुताच्या खरेदीसाठी ठेवलेला पैसा मोडून गाडी घेणारे मी पाहिले आहेत. भाव पडला तेव्हा सूत घ्यायला हातात रक्कम नव्हती, आणि गाडी दारात उभी होती. तेव्हा वेगळे खाते काढून दोन वर्षे रक्कम साठवावी. धंद्याची पुंजी ही गाडीची पुंजी नव्हे. तसेच दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास कायद्याने विक्रेत्याला मनाई आहे. पैसे बँकेतूनच द्यावेत. विमा विक्रेत्याकडूनच घेण्याची सक्ती नसते, बाहेर भाव काढावा.

मग आम्ही काय घेतले?

आमचे वर्षाचे चालणे बारा-तेरा हजार कि.मी., बहुतेक मालेगाव-नाशिक. हिशेब सीएनजीकडे झुकला, सामानाची जागा आणि धडक चाचणी नेक्सॉनकडे झुकली, अम्मींचा कौल ब्रेझाकडे. दोन रात्री विचार केला. शेवटी अम्मीच म्हणाल्या, "मला वाकायला लागले तर वाकेन, पण त्या घाटातल्यासारखा फोन मला पुन्हा येऊ देऊ नका." सीएनजी नेक्सॉन घेतली. मागे उरलेल्या जागेत नमुन्यांच्या बॅगेशेजारी एक लाकडी पाट असतो, तो खाली ठेवला की अम्मी सहज चढतात.

तुमच्या घरी उत्तर वेगळे येऊ शकते. वडीलधाऱ्यांचे गुडघे फारच दुखत असतील, सर्व्हिसची सोय फक्त मारुतीची असेल, तर ब्रेझा घेण्यात काहीही कमीपणा नाही. उत्तर कोणतेही येवो, ते शेजाऱ्याच्या दारात पाहून नव्हे, तर आपल्या वहीत लिहून यावे. आणि गाडी आली की पहिल्याच दिवशी पॉलिसी वाचावी. मी ती अपघातानंतर वाचली, आपण आधी वाचावी, एवढेच सांगणे.