सबमिशनच्या आठवड्यातही टिकेल असं वेळापत्रक

कोडिंग शिकायचं मनावर घेतलेली मुलं वेळापत्रक करून आणतात, तेव्हा त्यात बहुधा एकच मोठा चौकोन रंगवलेला असतो: रविवार, सकाळी नऊ ते दुपारी दोन. बाकीचे सहा दिवस कॉलेज, क्लास आणि प्रवासाने भरलेले, म्हणून सगळा भार रविवारवर. पाच तास भरपूर वाटतात, त्यामुळे आईवडिलांनाही ते पटतं. मला मात्र तो चौकोन पाहून काळजी वाटते. रविवारीच पाहुणे येतात, लग्नाला जावं लागतं, सोमवारसाठी जर्नल पुरं करायचं असतं. एक रविवार हुकला की मध्ये चौदा दिवस जातात आणि फॉर लूप पुन्हा पहिल्यापासून समजून घ्यावा लागतो.

या विसरण्याला आळस म्हणू नका. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट पाठ करण्याचे प्रयोग स्वतःवरच केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. एका दिवसात ६८ वेळा घोकून जे साधलं, तेच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ उजळण्यांनी साधलं, असं त्याला आढळलं. प्रोग्रॅमिंग म्हणजे पाठांतर नव्हे. पण कोलन कुठे द्यायचा, ओळ किती आत सरकवायची, यादीतली मोजणी शून्यापासून सुरू होते, या गोष्टी हाताला सवयीच्या व्हायला त्याच पद्धतीने वेळ लागतो. म्हणून माझा आग्रह असतो की आठवड्यातून चार वेळा बसा, आणि थोडाच वेळ बसा.

डोंबिवलीहून माटुंग्याच्या कॉलेजात जाणारी, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी डोळ्यासमोर आणू. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी रात्री आठ ते पावणेनऊ, आणि रविवारी सकाळी घरात वर्दळ सुरू होण्याआधी दोन तास. आठवड्याचे सव्वाचार तास झाले. परीक्षा, गणपती, दिवाळी आणि आजारपण यांसाठी वर्षातले दहा आठवडे सोडून दिले तरी ४२ आठवड्यांत १७८ तास हाती राहतात. आयआयटींच्या एनपीटीईएल उपक्रमात पायथनचे आठ आणि बारा आठवड्यांचे कोर्स आहेत. त्यांतला एखादा गृहपाठासकट नीट पुरा करून, वर स्वतःचं काही बनवायला एवढे तास पुरतात.

पंचेचाळीस मिनिटांचं काय करायचं, हे मात्र आधी ठरलेलं हवं. सुरुवातीची पाच-सात मिनिटं मागच्या वेळी लिहिलेला प्रोग्रॅम न बघता पुन्हा टाइप करण्यात घालवावीत. मग अर्धा तास नवीन भाग. शेवटची काही मिनिटं वहीत लिहायला: कुठे अडलं, आणि पुढच्या वेळी बसल्याबरोबर पहिली ओळ कोणती लिहायची. दमून घरी आलेल्या मुलाला सगळ्यात जड जातं ते सुरू करणं, आणि त्या वहीतल्या एका ओळीमुळे ते सोपं होतं.

व्हिडिओ पाहण्याचा वेळ मी या सव्वाचार तासांत धरत नाही. शिकवणारा टाइप करत असतो तेव्हा सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि रिकामी स्क्रीन समोर आली की हात थांबतात. व्हिडिओ लोकलमध्ये पाहावा, जागा मिळाली तर. त्याहून उपयोगी म्हणजे ड्राय रन. घरून निघताना दहा ओळींचा प्रोग्रॅम कागदावर उतरवून घ्यायचा, प्रवासात एकेक ओळ मनाशी चालवायची आणि शेवटी काय छापलं जाईल ते पेन्सिलीने लिहून ठेवायचं. रात्री तोच प्रोग्रॅम संगणकावर चालवून उत्तर ताडून पाहायचं. उत्तर चुकलं, तर नेमकं काय समजलेलं नाही ते तिथल्या तिथे कळतं. प्रवासात याला ना नेट लागतं, ना लॅपटॉप.

एरर आली की मुलं घाबरतात आणि अर्धा तास तिथेच संपतो. पायथनमध्ये एररचा मजकूर लांबलचक असला तरी आधी शेवटची ओळ वाचावी, चुकीचा प्रकार तिथे लिहिलेला असतो. ओळीचा क्रमांक त्याच्या थोडा वर सापडतो. एवढी सवय लागली तरी वेळेची मोठी बचत होते. आता एआय क्षणात दुरुस्त करून देतं, मग शिकायचं कशाला, असं पालक विचारतात. एआयने दिलेला कोड बरोबर आहे की नाही, हे ज्याला वाचता येतं त्यालाच त्याचा उपयोग करून घेता येतो. पहिली पंधरा-वीस मिनिटं स्वतः झगडावं आणि मग एआयला चुकीचं कारण विचारावं. तयार उत्तर मागू नये.

आता सबमिशनच्या आठवड्याबद्दल. बहुतेक वेळापत्रकं तिथेच मोडतात, कारण ती मोकळ्या आठवड्याच्या मापाने आखलेली असतात. म्हणून दुसरं, छोटं वेळापत्रक आधीच लिहून ठेवावं: तोंडी परीक्षा, सबमिशन किंवा ढोलताशा पथकाचा सराव चालू असेल तेव्हा आठवड्यात फक्त दोनदा, वीस-वीस मिनिटं. नवीन काही शिकायचं नाही, जुनंच पुन्हा लिहायचं. एवढं झालं तर तो आठवडा पुरा झाला असं मानावं आणि राहिलेले तास पुढच्या आठवड्यावर लादू नयेत.

बारावीच्या मुलांना मी वेगळं सांगते. बोर्ड आणि सीईटी किंवा जेईईच्या वर्षात वेगळं कोडिंग सुरू करू नका. ज्यांनी कॉलेजात आयटी किंवा कॉम्प्युटर सायन्स घेतलं आहे, त्यांनी अभ्यासक्रमातलाच कोड हाताने लिहून आणि चालवून पाहावा, तेवढं पुरे. सीईटी संपल्यापासून प्रवेशाच्या कॅप फेऱ्या होईपर्यंतचे आठवडे हा खरा मोकळा काळ असतो. तेव्हा रोज एक तास देता येतो, आणि पहिल्या वर्षी प्रोग्रॅमिंगचा विषय समोर आला की त्याचा फायदा दिसतो.

पालकांना एक विनंती आहे. "कोर्स किती झाला?" हा प्रश्न विचारला की मुलं व्हिडिओ भराभर संपवतात. त्याऐवजी "आज काय चालवलंस, दाखव बघू" असं म्हणा. कोड कळला नाही तरी चालेल, काय बनवलंय ते तुम्हाला नक्की कळेल. शक्य असेल तर घरातलंच काम द्या: आईच्या बचत गटाचा हिशेब, भिशीची यादी, सोसायटीच्या मेंटेनन्सची थकबाकी. बचत गटात कोणाचा हप्ता राहिला हे दाखवणारा प्रोग्रॅम करताना यादी, अट, लूप आणि फाइल हे सगळं लागतं. शिवाय आई त्यातल्या चुका लगेच दाखवते.

महागडा लॅपटॉप लागत नाही. पायथन फुकट आहे, त्याच्यासोबत येणारा आयडल हा एडिटर घरातल्या जुन्या संगणकावरही चालतो. संगणकच नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकलनंतर बसू द्याल का, हे सरांना विचारावं. इंग्रजीची भीती असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल पाहावेत. छोटे, हाताने करून पाहायचे धडे आहेत आणि त्यांतले बरेच मराठीत मिळतात.

आणि क्लासची हजारो रुपयांची फी, तीही हप्त्यांवर, भरण्याआधी चार आठवडे असं घरीच बसून पाहा. महिनाअखेरीला वहीत दहा-बारा बैठकांच्या नोंदी दिसल्या, तर क्लासचा विचार जरूर करा. चौकशीला जाल तेव्हा प्लेसमेंटच्या फलकाआधी दोन गोष्टी विचारा: इथे मुलं आठवड्याला किती तास स्वतः कोड लिहितात, आणि लिहिलेला कोड वाचून चुका कोण सांगतं?