शून्य भागिले शून्य : उत्तर किती?
(मोठ्या गटासाठी गणिताचे पान)

मुलांनो, कॅल्क्युलेटरवर ० ÷ ० करून पाहा. यंत्र 'एरर' म्हणून मोकळे होते. वर्गात विचारले तर कोणी म्हणते उत्तर ०, कोणी म्हणते १. तुमच्यापैकी जे शाळेत कॅल्क्युलस शिकू लागले आहेत, त्यांची तर या ० / ० शी पहिल्याच धड्यात गाठ पडते. आज तेच नीट समजून घेऊ.

भागाकार म्हणजे उलटा गुणाकार. १२ ÷ ३ = ४, कारण ४ × ३ = १२. आता ५ ÷ ० घ्या. कोणत्या संख्येला शून्याने गुणले की ५ येतात? अशी संख्याच नाही. म्हणून उत्तर नाही. पण ० ÷ ० ची गंमत उलटी आहे. कोणत्या संख्येला शून्याने गुणले की ० येते? कोणत्याही! ०, १, ७, १०० सगळ्याच उत्तरांचा ताळा जमतो. नुसत्या ० / ० वरून उत्तर ठरवता येत नाही, म्हणून त्याला अनिर्धार्य रूप म्हणतात.

मग उत्तर कसे ठरवायचे? ती शून्ये कोठून आली ते पाहून. त्यासाठी सीमा ही कल्पना लागते. क्ष ला एखाद्या संख्येच्या हवे तितके जवळ न्यायचे, पण त्या संख्येवर ठेवायचे नाही. तसे करताना पदावलीची किंमत ज्या एका संख्येच्या हवी तितकी जवळ जाते, ती तिची सीमा.

क्ष शून्याकडे जात असताना ही चार उदाहरणे पाहा. क्ष = ० ठेवले तर चारही ठिकाणी ० / ० च येते.

क्ष / क्ष : सीमा १
७क्ष / क्ष : सीमा ७
क्ष² / क्ष : सीमा ०
क्ष / क्ष² : सीमा नाही (क्ष = ०.०१ ला किंमत १००, ०.००१ ला १०००, अशी वाढतच जाते)

रूप एकच, पण उत्तरे चार. म्हणून परीक्षेत ० / ० आले की ते उत्तर म्हणून लिहू नका. 'अजून काम बाकी आहे' अशी ती सूचना असते.

पण हा उपद्व्याप हवाच कशाला? एक दगड उंच कड्यावरून सोडला, तर हवेचा विरोध सोडून देता तो क्ष सेकंदांत सुमारे ४.९क्ष² मीटर खाली येतो. बरोबर दुसऱ्या सेकंदाला त्याचा वेग किती? वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. पण एका क्षणात अंतरही शून्य आणि वेळही शून्य! म्हणून त्या क्षणाच्या आसपासचा सरासरी वेग काढू :

२ ते ३ सेकंद : २४.५ मीटर दर सेकंदाला
२ ते २.१ सेकंद : २०.०९
२ ते २.०१ सेकंद : १९.६४९
१.९९ ते २ सेकंद : १९.५५१

दोन्ही बाजूंनी आकडे १९.६ कडे चालले आहेत. आता बीजगणिताने :

(४.९क्ष² − १९.६) / (क्ष − २)
= ४.९ (क्ष − २)(क्ष + २) / (क्ष − २)
= ४.९ (क्ष + २)

क्ष हा २ नाही, फक्त २ च्या जवळ आहे. म्हणून (क्ष − २) हे शून्य नाही आणि ते छेदता येते. ज्या अवयवामुळे वर-खाली शून्य येत होते तोच गेला. आता क्ष ला २ कडे नेले की सीमा ४.९ × ४ = १९.६. मोटारीच्या स्पीडोमीटरचा काटा जो वेग दाखवतो, त्याची कल्पना हीच.

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ० ÷ ० = ० असे सांगितले होते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) एक उदाहरण आहे : एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्धे मिळवले, तिपटीने वाढवले आणि शून्याने भागले, तर ६३ आले, ती संख्या कोणती? उत्तर १४. भास्कराचार्यांचा नियम असा की, पुढे गणित बाकी असेल तर शून्याने गुणल्याचे नुसते लक्षात ठेवावे. पुढे शून्यानेच भागायचे असेल तर संख्या तशीच राहते. शून्याच्या जागी लहानसा क्ष ठेवा : ६३क्ष / क्ष, सीमा ६३. इथे वरचे व खालचे शून्य एकाच क्ष मधून आले, म्हणून नियम जमतो. क्ष² / क्ष मध्ये तो जमणार नाही. याच भास्कराचार्यांनी ग्रहांच्या 'तात्कालिक गती'चाही विचार केला होता. चाळीसगावजवळच्या पाटण येथे, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा शिलालेख आहे.

पुढे शाळेत तुम्हाला लोपितालचा नियम भेटेल. तो १६९६ साली लोपितालच्या पुस्तकात छापला गेला. शोध मात्र योहान बर्नुली यांचा. वरच्या व खालच्या पदावलीचे वेगवेगळे विकलज काढायचे आणि मग सीमा घ्यायची. आपल्या दगडाचे : ९.८क्ष / १, क्ष = २ ला १९.६. उत्तर तेच! पण आधी रूप तपासा. क्ष शून्याकडे जाताना (क्ष + १) / (क्ष + २) ची सीमा १/२ आहे. तिथे ० / ० नसतानाही नियम लावला तर १ असे चुकीचे उत्तर येते.

सोडवा पाहू :
१) (क्ष² − ९) / (क्ष − ३), क्ष ३ कडे
२) (क्ष² + क्ष − ६) / (क्ष − २), क्ष २ कडे
३) (√(क्ष + ९) − ३) / क्ष, क्ष ० कडे (वर-खाली √(क्ष + ९) + ३ ने गुणा)
४) (क्ष² − ४) / (क्ष + १), क्ष २ कडे (जरा सांभाळून!)

पालकांना विनंती : उत्तर लगेच सांगू नका. 'वरचे शून्य कशामुळे आले? खालचे कशामुळे?' एवढेच मराठीतून विचारा.

शब्द : लिमिट – सीमा, न्यूमरेटर – अंश, डिनॉमिनेटर – छेद, फॅक्टर – अवयव, डेरिव्हेटिव्ह – विकलज.

उत्तरे : १) ६  २) ५  ३) १/६  ४) ० (हे ० / ० नाहीच, ० / ३ आहे.)