बोनाफाईड आणि लॉगिनचं बटण

फोनवर नवीन अ‍ॅप घेतलं, की पहिल्याच पानावर बटणं दिसतात: ‘गूगलने लॉगिन करा’, ‘फेसबुकने लॉगिन करा’. मग तुमचा गूगलचा पासवर्ड त्या अ‍ॅपला कळतो का? नाही.

महाराष्ट्रात शाळेतली मुलं एसटी बसचा सवलतीचा पास काढतात. डेपोतले साहेब मुलांना ओळखत नाहीत, पण शाळेला ओळखतात. म्हणून शाळा एक कागद देते: हा आमचाच विद्यार्थी. या कागदाला सगळे ‘बोनाफाईड’ म्हणतात. त्यावर नाव असतं, इयत्ता असते. गणितात किती मार्क पडले ते नसतं. (बरंच आहे!)

लॉगिनचंही तसंच. बटण दाबलं, की अ‍ॅप तुम्हाला गूगलच्या पानावर पाठवतं. पासवर्ड तुम्ही तिथेच देता. गूगल अ‍ॅपला फक्त एक डिजिटल चिठ्ठी देतं. तिला टोकन म्हणतात. हे सगळं ‘ओऑथ २.०’ नावाच्या नियमांनी चालतं. ते २०१२ साली ठरले. अ‍ॅप बनवणाऱ्याला आधी गूगलकडे अ‍ॅपची नोंदणी करावी लागते आणि उत्तर कुठे पाठवायचं तो पत्ताही द्यावा लागतो. नाहीतर चिठ्ठी भलत्याच्याच हातात पडायची!

चिठ्ठीतून काय काय हवं, ते अ‍ॅप मागतं. ‘हो’ म्हणता तुम्ही. नाव आणि ईमेल मागितलं तर ठीक. पण शब्दकोड्याच्या खेळाला तुमच्या सगळ्या मित्रांचे फोन नंबर कशाला हवेत? तिथे ‘नको’ म्हणा. आधीच ‘हो’ म्हटलं असेल, तर गूगल खात्याच्या सेटिंगमधून परवानगी काढून घेता येते.

यूएईत आणखी एक बटण दिसतं: यूएई पास. ही २०१८ साली सुरू झालेली सरकारी ओळख. फेसबुकवर कुणी खोट्या नावानेही खातं उघडतं. यूएई पास मात्र एमिरेट्स आयडीला जोडलेला असतो. आई-बाबा त्यावर सरकारी कामं करतात, कागदांवर सहीसुद्धा करतात. म्हणून ठगांचाही त्यावर डोळा असतो. ते फोन करून सांगतात, “बँकेतून बोलतोय, फोनवर आलेली विनंती मंजूर करा.” आपण लॉगिन करतच नाही, मग विनंती आली कशी? ती सरळ नाकारायची.

शब्दार्थ
सवलत – कमी केलेली किंमत
भलताच – ज्याचा संबंध नाही असा
ठग – फसवणारा माणूस

प्रश्न
१. बोनाफाईड आणि टोकन यांत सारखं काय आहे?
२. तुमच्या फोनवरच्या कोणत्या अ‍ॅपला गूगलची परवानगी दिली आहे? आई-बाबांबरोबर शोधा आणि तीन वाक्यांत लिहा.