कोळसा कोण किती जाळतो?

मंडळी, आपण घरी विजेचा दिवा लावतो. तिथे कोळसा दिसत नाही. तरी आपल्या देशातली बहुतेक वीज दगडी कोळशावरच होते. चंद्रपूरच्या वीज-केंद्राचेच पाहा. तिथे कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात. वाफेच्या जोराने मोठे चक्र फिरते आणि वीज तयार होते.

हा कोळसा आला कुठून? कोट्यवधी वर्षांपूर्वी झाडेझुडपे जमिनीत गाडली गेली. दाबाने व उष्णतेने त्यांचा कोळसा झाला. तो पिकासारखा दरसाल उगवत नाही. जळला की संपला.

आता जगाचा हिशेब पाहू. २०२४ साली जगाला सुमारे ८८० कोटी टन कोळसा लागला. त्यातला निम्म्याहून अधिक एकट्या चीनने वापरला. दुसरा नंबर आपल्या भारताचा. आपल्याला सुमारे १३० कोटी टन लागला. अमेरिकेला ४० कोटी टनांहून कमी लागला.

मग आपण अमेरिकेच्या तिप्पट कोळसा उधळतो की काय? थांबा, घाई करू नका. दहा माणसांच्या घरात भाकरी जास्त लागणारच! म्हणून हिशेब माणशी करावा. चीनमध्ये माणशी तीन टनांच्या वर कोळसा पडतो. अमेरिकेत एक टनाच्या थोडा वर. भारतात टनाला थोडा कमीच. शिवाय अमेरिका तेल आणि गॅसही पुष्कळ जाळते, ते वेगळेच.

इंग्लंडची गोष्ट ऐका. एके काळी तिथल्या गिरण्या आणि आगगाड्या कोळशावरच चालत. डिसेंबर १९५२ मध्ये लंडन शहरावर धुराचे दाट धुके पाच दिवस बसून राहिले. त्यात हजारो माणसे दगावली. १९५६ साली धुराविरुद्ध कायदा झाला. पुढे गॅस, अणुशक्ती आणि वारा यांपासून वीज होऊ लागली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी तिथले कोळशावरचे शेवटचे वीज-केंद्र बंद झाले.

हवा सुधारली, हे चांगलेच झाले. पण खाणी बंद पडत गेल्या, तेव्हा खाणीवर जगणाऱ्या गावांचा रोजगार बुडाला. हेही विसरू नये.

आपल्याकडे चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर या जिल्ह्यांत हजारो घरे कोळशाच्या खाणींवर जगतात. धूर, धूळ आणि राख यांचा त्रासही खाणीशेजारच्या लोकांनाच होतो. आज ना उद्या आपल्यालाही कोळसा कमी करावा लागेल. तेव्हा त्या लोकांच्या हाताला दुसरे काम आधी हवे.

आकडा नुसता वाचू नये. तो किती माणसांत वाटला, हे विचारावे. फायदा कोणाला आणि त्रास कोणाला, हेही विचारावे. वाचायला शिकलो ते त्यासाठीच.

सांगा पाहू :
१. एका घरात १० माणसे आहेत. त्यांना महिन्याला ८० किलो ज्वारी लागते. दुसऱ्या घरात २ माणसे आहेत. त्यांना २० किलो लागते. माणशी ज्वारी कोणत्या घरात जास्त लागते?
२. लंडनमध्ये १९५२ साली काय झाले?